तीन सेकंदांना एक किलोमीटर

ऑक्टोबरातली दुपार. हडपसरच्या गाडीतळापाशी
निसार तांबोळी ओम्नी घेऊन उभा,
गळ्यात अजून घड्याळं उघडायचं भिंग.
"दुकानावर पाटी लावलीय," म्हणाला,
"मालक आजारी आहेत."
फोनमध्ये रडारचा नकाशा, त्यात पुरंदरच्या मागे
मसुरीएवढा एक लाल डाग.

दिवे घाट चढलो. सासवडात सीताफळांच्या पाट्या ओलांडल्या.
डाग हरभऱ्याएवढा झाला,
आणि जेजुरीपाशी नाहीसाच,
आलेली शिंक परत जावी तसा.

मोरगावला चहा. चहावाला हसला.
"ईज बघाया पेट्रोल जाळून आलाय?
काल आलती की आमच्याकडं.
बोअरची मोटार घेऊन गेली."
"किती वाजता?" निसारनं विचारलं
आणि वहीत लिहून घेतलं.
अठरा वर्षं लिहितोय. तारीख, वेळ,
चमक आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद.
कशासाठी, ते मी विचारत नाही.
बँकेत पोटदुखीची रजा टाकून
मी तरी तिवई खांद्यावर का घेतली होती?

सुप्याच्या गवताळ रानात पोचलो तर साडेचार.
मोज्यांत कुसळं. दूर एक चिंकारा,
आमच्याकडे पाठ करून.
आणि पूर्वेला तो उभा राहत होता:
बूड सपाट, माथा ऐरणीसारखा पसरट,
मधलं सगळं उकळतं.
वारा पडला. गवताचं एक पातं हलेना.
मग एकदम गार झुळूक,
कुणी तळघराचं दार उघडल्यासारखी.

"ती तिवई पाड आडवी!"
ओरडत आली ती ठकाबाई कोळपे,
काखेत दोन कोकरं.
"मोकळ्या रानात उंच काय उभं करतोस?
गेल्या साली त्या बाभळीखाली अकरा गेली.
एकमेकीला टेकून उभी होती.
अंगावर ओरखडा नाही."

तिवई मी पाडली नाही. खरं सांगतो, पाडली नाही.
कॅमेरा त्याचा तो टिपत राहील असा लावला
आणि पळालो.
ओम्नीत आम्ही तिघं, दोन कोकरं, ओल्या लोकरीचा वास.
काचा बंद. कुत्रं काही आत येईना.

साडेसहाला काळोख.
चमक. "एक, दोन, तीन, चार..." निसार,
भिंग मुठीत धरून.
ठकाबाईही पुटपुटत होती.
मला वाटलं, देवाचं नाव घेतेय.
ती मेंढरं मोजत होती.
खोलगटात बसलेला कळप
प्रत्येक चमकीत दिसायचा तेवढा मोजायची,
उजेड गेला की आकडा तोंडात धरून थांबायची,
पुढच्या चमकीला तिथूनच पुढे.
"सव्वीस." काळोख. "सव्वीस."
काळोख. "एकतीस. चौतीस."

मग निसारला मोजायला काही उरलंच नाही.
पांढरं. नुसतं पांढरं, आणि आवाज त्याच्याच आत.
एक कोकरू माझ्या मांडीवर मुतलं.

पाऊस ओसरल्यावर कॅमेरा आणला. दोनशे बारा फोटो.
बहुतेक काळे, काही भिंगावरच्या थेंबांचे.
एकच धड:
वीज चौकटीच्या बाहेर राहिलेली,
पण तिच्या उजेडात अख्खं रान, गवताची काडी न् काडी,
आणि खाली कळप, सगळ्यांचे डोळे पेटलेले.
मी कपाळाला हात लावला.
ठकाबाईनं कॅमेरा ओढून घेतला.
"हे मोठं होतंय का?"
बोटानं एकेक डोकं मोजलं, पडद्यावर चिखल लावत.
"बासष्ट. ही दोन धरून चौसष्ट. एक कमी."
आणि उतरून चालायला लागली.

निसारनं गाडीचे दिवे तिच्या वाटेवर वळवले.
मी मागोमाग, आता तिवई आडवी धरून.
साडेआठला घायपाताच्या आड सापडली मेंढी,
जिवंत, आणि चांगलीच रागावलेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात शिरलो तेव्हा
वही उघडी होती. सहा बावन्न. पुढचा रकाना
लिहून खोडलेला, परत लिहून खोडलेला.
एक गिऱ्हाईक विचारत होतं,
"मालक बरे आहेत का आता?"
"अं?" निसार म्हणाला. "बरे आहेत.
ऐकायला जरा कमी येतंय."